चिंधीचं सातवं घर

देवका, तू गेलीस त्याला आज नववा दिवस, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय. तुझ्याशी भांडायची मला बारा वर्षांची सवय, ती नऊ दिवसांत कशी सुटायची? सकाळी शाळेत निघताना दाराला कडी लावते आणि उगाचच घटकाभर तिथेच थांबते. तू पलीकडून पदर सावरत येशील आणि विचारशील, "काय व मास्तरीन, चिंधी इकडे आली का?" चिंधी, आपली मांजर, जाऊन तीन पावसाळे झाले. तरी तू खाट धरेपर्यंत तेच विचारत यायचीस आणि मीही सरळ तोंडानं सांगायची, "नाही आली, येईलच. बस." मग तू बसायचीस. दोघींपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी लिहायला बसले ते तुझं गुणगान करायला नव्हे. ते तुझ्या घरच्यांनी केलं, आणि लांजीहून आलेल्या तुझ्या माहेरच्यांनी तर फारच केलं. ऐकताना मला प्रश्न पडला, ही कोणती देवका? कोणाला उलटून बोलत नव्हती म्हणे. हट्ट म्हणून माहीत नव्हता म्हणे. त्यांच्याशी कशाला वाद घालू? माझं जे काही आहे ते तुझ्याशी आहे.

तो रविवार तुला आठवत असेल. आम्हाला या मोहल्ल्यात येऊन दोनच वर्षं झाली होती. माझ्या लेकीचे, रेखाचे, बाबा खाणीत नोकरीला, मी इथल्या हिंदी मुलखातल्या प्राथमिक शाळेत मराठीच्या वर्गावर. रस्त्याच्या अलीकडे आमची बौद्धांची आठ-दहा घरं, पलीकडे तुमची कुणब्यांची आळी. रस्ता तरी केवढा! लालबर्‍याची बस आणि धानाची बैलगाडी समोरासमोर आली की एकीला थांबावं लागायचं. पण तेवढा रस्ता ओलांडून पलीकडची बाई आमच्या घरात शिरल्याचं मी पाहिलं नव्हतं. रोवण्याला, कापणीला माणसं हवी असली की यायच्या, त्याही बाहेरून हाक मारायच्या आणि बाहेरूनच परत जायच्या.

तू मात्र हाकही मारली नाहीस. भर दुपारी पदरात काहीतरी गुंडाळून आलीस, उंबरा ओलांडलास आणि थेट चुलीपाशी जाऊन उकिडवी बसलीस. मला वाटलं वांगी आणलीत. पदर उघडलास तर आत मांजराचं पिलू. मुठीएवढं, राखाडी, पुढचा एक पंजा पांढरा, डोळे नुकतेच उघडलेले आणि निळसर. शेपटीखाली सगळं बरबटलेलं. त्याला नीट ओरडताही येत नव्हतं, नुसतं तोंड उघडायचं.

मग तू मला सगळं सांगितलंस. तुमच्या धानाच्या कोठीमागे मांजर व्याली होती. तिनं पिलं तिथून शेजारच्या माळ्यावर नेली, माळ्यावरून तिसऱ्या घरी. तिथं मिलच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनी तिला गाठलं. दोन पिलं तिच्याबरोबर गेली, हे एक उरलं. आणि मांजर आपली पिलं सात घरं फिरवते तेव्हाच ती जगतात, हिची तर तीनच झाली होती. म्हणून उरलेली चार घरं तू स्वतः फिरवायला निघाली होतीस. सकाळपासून तुमच्या आळीतली तीन झाली. प्रत्येक घरी चुलीजवळ टेकवायचं, त्या घरच्या दुधाचं बोट चाटवायचं, पुढे जायचं. माझं घर सातवं.

मला हसूच आलं, खरं सांगते. दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या कोनाड्यातले देव मी स्वतःच्या हातांनी बाहेर काढले होते. असल्या समजुतींशी भांडायला माझी जीभ तयारच असायची. मी तुला ऐकवलं की मांजर जागा बदलते ती बोक्याच्या भीतीनं आणि वासामुळे, सातपर्यंत मोजायला तिला कोणी शिकवलंय? तू पिलावरची नजरसुद्धा काढली नाहीस. म्हणालीस, "गिनती तुह्या पोरायले शिकवा लागते. तिले नाई लागत." 

तू त्याला म्हशीचं दूध पाजत होतीस, म्हणून त्याला हगवण लागली होती. मी सांगितलं, म्हशीचं दूध या जिवाला पचायचं नाही, शेळीचं पाहिजे. आमची शेळी नुकतीच व्याली होती. तू अंगणातल्या शेळीकडे पाहिलंस. त्या पाहण्यावरून मला कळलं की ती शेळी तू रस्त्यापलीकडून आधीच हेरलेली होतीस. म्हणजे तू सातव्या घरासाठी आलीस, की शेळीसाठी, की आळीत बाकीच्यांनी दारं लावून घेतली म्हणून? हे मी तुला पुढे कितीदा विचारलं. एकदा म्हणालीस, सहाव्या घरानंतर तुझंच घर दिसलं. एकदा म्हणालीस, तुझी शेळी गुणाची. एकदा तर चिडून म्हणालीस की एवढी शिकलेली बाई, एकच सवाल किती वेळा विचारते. मला फक्त हे ऐकायचं होतं की तुला माझ्याकडे यायचं होतं म्हणून तू आलीस. तेवढं एक वाक्य तू कधी उच्चारलं नाहीस. परवा तुमच्या आळीतल्या त्या सहाव्या घरच्या म्हातारीला मी विचारलं. तिला पिलूच आठवत नाही.

ठरलं ते असं की शेळीचं दूध लागतंय तोवर पिलू माझ्याकडे राहील. भात खायला लागलं आणि पहिला उंदीर धरला की तुमच्या कोठीत जाईल. तुमच्या मालकांची, तुझ्या नवऱ्याची, परवानगी याच अटीवर होती. त्या साली उंदरांनी बियाण्याची पोती कुरतडली होती, त्यांना मांजर हवंच होतं. माझ्या घरी रोज येण्याला त्यांनी मान्यता दिली ती बियाण्यासाठी, हे तू मला हसत सांगितलं होतंस. मी हसले नव्हते.

पहिल्याच संध्याकाळी मी त्या पिलाला जवळजवळ मारलंच होतं. दोन लेकरं वाढवलेली बाई मी, मला वाटलं यात काय शिकायचंय. तिला मांडीवर उताणी घेतली, लेकराला घेतात तशी, आणि कापसाची वात दुधात बुडवून तोंडात पिळली. दूध नाकातून बाहेर आलं. तिनं पाय ताणले आणि ती लुळी पडली. तू माझ्या हातातून ती हिसकावलीस, डोकं खाली धरलंस आणि फडक्यानं पाठ चोळत राहिलीस, इतक्या जोरात की मला वाटलं हाडं मोडतील. मग तिच्या नाकातून एक थेंब गळला आणि ती शिंकली. एवढ्याशा जिवाची शिंक ती, पण ती ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले. तू म्हणालीस, "लेकरू नोहे ते. पोटावर ठेव, मान त्याची त्याले वर करू दे. त्याची माय काय त्याले मांडीवर घेते?" आणि मी रडत असताना तिला परत माझ्याच हातात दिलंस. दुसरीनं स्वतःकडे ठेवून घेतलं असतं. त्या घडीला मला तू आवडलीस, देवका. हेही तुला सांगितलं नाही.

तिथून पुढे मी तुझी विद्यार्थिनी झाले. दूध निम्मं, उकळून निववलेलं पाणी निम्मं, बोटाला कोमट लागेल इतपत. एका वेळी थोडंच, पण दिवसातून सात-आठ वेळा. पाजून झालं की ओल्या फडक्यानं पोट आणि शेपटीखालचं पुसायचं, कारण तेव्हाच तिला लघवी होते. आई जिभेनं करते ते आपण फडक्यानं करायचं. टोपलीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि हंडीत कोमट राख. पण हंडी टोपलीच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे फार ऊब झाली तर तिला सरकता येईल. चिंध्यांत इतकी बुडून असायची की रेखानं तिचं नाव चिंधीच ठेवलं. रेखाला तू सांगितलंस की तिला रोज हातात घे, तिच्याशी बोल, पण झोपली असली की हात लावू नको. माणसाच्या हाताची सवय लहानपणी लागली नाही तर कोठीत राहील, पण हाक मारली की येणार नाही. पिसवा काढायला कडुलिंबाचं पाणी आणि तुझी बारीक फणी. इतकी माहिती तुझ्यापाशी होती आणि त्यातल्या अर्ध्या गोष्टींचं कारण विचारलं की तू म्हणायचीस, "असंच असते."

शाळा सकाळची झाली तेव्हा दुपारपर्यंत घरी कोणी नसायचं. पाळी तुझ्यावर आली. मी घराची किल्ली तुझ्या हातात दिली. आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी मला वेड्यात काढलं, म्हणाल्या, ज्यांनी आपल्या पोरींना कधी विहिरीवर चढू दिलं नाही त्यांना किल्ली देतेस? मी म्हटलं, मांजरासाठी देते. तुझी आणि माझी हीच तर गंमत होती, आपण दोघी सगळं काही मांजरासाठी करत होतो.

आणि रेखानं एक दिवस मला सांगितलं. ती घरीच होती, ताप होता तिला. म्हणाली, "माँ, काकी पानी पीने अपने घर जाती है, फिर आती है." वैशाखाचं ऊन होतं, देवका. रस्त्यावर पाय ठेववत नव्हता. माझ्या घरात माठ भरलेला, वर झाकण, त्यावर धुतलेला पेला. तू तो माठ ओलांडून, उन्हातून रस्ता पार करून घरी जायचीस, पाणी प्यायचीस आणि परत येऊन माझ्या मांजराच्या पिलाला माझ्या वाटीतलं दूध पाजायचीस. बोट त्याच दुधात बुडवून. मी त्या दिवशी भाकरी जाळली.

मग मी चहा विचारायला लागले. "चहा ठेवू का?" म्हणायची, आणि तू म्हणायचीस, आज माझा उपास. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्ये चतुर्थी आली, एकादशी आली, प्रदोष आला. पंचांगात नसतील इतके उपास तुझ्याकडे होते. एकदा तर बुधवार निघाला. मी विचारलं, बुधवार कोणाचा? तू जराशी थांबलीस आणि म्हणालीस, "माह्या लेकाचा नवस हाय." उपासाला चहा चालतो हे मला, देव काढून टाकलेल्या बाईला, ठाऊक होतं. तुला ठाऊक नव्हतं असं कसं मानू? पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि त्या उत्तरानंतर तू आली नसतीस.

आता नऊ दिवस विचार करतेय तर माझीही लबाडी मला दिसते. चिंधीला मी कधी विचारलं नाही. वाटी समोर ठेवली, ती प्यायली. तुला मात्र दर वेळी विचारत राहिले, आणि विचारलेलं नाकारता येतं. भरलेला कप तुझ्यापुढे कधीच ठेवला नाही, कारण तो तू तसाच ठेवून गेली असतीस तर मी तुला जन्मात माफ केलं नसतं. म्हणजे मी प्रश्न विचारून तुला वाचवत होते आणि स्वतःलाही. असं दोघी एकमेकींना वाचवत बसलो आणि वर्षं गेली.

चिंधी अंग धरू लागली. खडूचे तुकडे घरभर लोळवायची. राखेच्या खोक्यात जाऊन बसायला दोन दिवसांत शिकली. वैनगंगेची बारीक मासळी उकडून, काटे काढून, भातात कुस्करून मी द्यायची, तू मीठ घालू द्यायची नाहीस. तिचे डोळे निळ्याचे पिवळे झाले. तू म्हणायचीस, आता काही मरत नाही ही. आणि मला आनंदाबरोबर धाकधूक वाटायची, कारण ती मोठी झाली की जाणार होती आणि ती गेली की तू यायची थांबणार होतीस.

आता ऐक, कारण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पहिला उंदीर तिनं माझ्या घरात धरला. चुलीमागून ओढत आणला आणि माझ्या पायाशी ठेवला. मी तो चिमट्यानं उचलला, परसात पुरला, वर माती सारखी केली. तू आलीस तेव्हा विचारलंस, काही धरलं का हिनं? मी म्हटलं, अजून लहान आहे. दुसराही पुरला. तिसराही. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी घरी उंदीर पुरत होते. तिला मासळी जास्त घालू लागले, पोट भरलेलं असलं की शिकार करणार नाही म्हणून. तिच्या अंगावर चरबी चढली ती माझ्या लोभापायी.

आणि मग तो दिवस. तू चिंध्या झटकत होतीस आणि चिंधी तुझ्यासमोरून, भर उजेडात, तोंडात उंदीर धरून गेली. शेपटी लोंबत होती त्याची. मी तुझ्याकडे पाहिलं. तू तोंड भिंतीकडे फिरवलंस आणि म्हणालीस, "काय गर्मी हाय व यंदा." चिंध्या परत झटकायला लागलीस, झटकून झालेल्याच. मी शेळीला चारा घालायला बाहेर निघून गेले, कारण मला हसू आणि रडू दोन्ही येत होतं. एक महिना तू तो उंदीर पाहिला नाहीस. तुमचे मालक विचारत असतील तेव्हा तू त्यांना काय सांगत होतीस, हे मला कळून घ्यायचं होतं. राहून गेलं.

शेवटी त्यांचा निरोप आलाच. नवं धान कोठीत आलं होतं. तू चिंधीला पोत्यात घातलंस, वाट कळू नये म्हणून अंगणात पोतं तीनदा फिरवलंस आणि घेऊन गेलीस. वीस पावलांचा रस्ता, त्यासाठी पोतं! संध्याकाळी दिवे लागायच्या आत चिंधी माझ्या चुलीपाशी हजर. तिच्या मागोमाग तू. "आली का इकडे?" आली होती. दुसऱ्या दिवशी परत पोतं, परत तेच. आठवडाभर तू मांजर नेत होतीस आणि शोधायला येत होतीस. मग कोणीच काही ठरवलं नाही, तीच ठरवून मोकळी झाली. रात्री तुमच्या कोठीत उंदीर, दिवसा माझ्या घरी झोप. आणि तुला यायला कारण मिळालं.

मीही एकदा आले तुझ्याकडे. एकदाच. चिंधी पहिल्यांदा व्याली तेव्हा, तुझ्याच बोलावण्यावरून. पिलं पाहिली. मग ओसरीवर तू माझ्यासाठी पोतं अंथरलंस आणि चहा आणलास. कप तू गोठ्याच्या कोनाड्यातून काढलेला मी पाहिला होता. कान तुटलेला, मजुरांसाठी ठेवलेला. तुझी सासू आतून पाहत होती, हे मला दिसलं. तुला दुसरं काही करता आलं नसतं, हेही मला तेव्हाच कळलं होतं. पण कळलं म्हणून काय झालं? मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आज माझा उपास आहे." आम्ही उपास करत नाही हे तुला पक्कं माहीत होतं. तुझा चेहरा असा उतरला की मला वाटलं बरं झालं. घरी येईपर्यंत वाटलं, बरं नाही झालं. दीड महिना तू आली नाहीस. मीही आले नाही. चिंधी तेवढी जात-येत होती.

दीड महिन्यानं ती आपली पिलं एकेक करून मानेला धरून माझ्या घरी घेऊन आली आणि तू मागून आलीस. माफी नाही, खुलासा नाही. तू पिलं मोजलीस, मी शेळीचं दूध काढलं. मी म्हटलं, बघ, हिनं सात घरं नाही केली, तुझं आणि माझं, दोनच केली. तू म्हणालीस, हिला माहीत आहे कुठवर फिरायचं ते. तेवढ्यावर ते भांडण सोडून दिलं आपण. त्यानंतर कित्येक वर्षं मी तुझ्या ओसरीवर पाय ठेवला नाही, आणि तुझे उपासही संपले नाहीत.

किती पिलं वाढवली आपण. बैहरला गेली, लांजीला गेली, एक छोट्या लाइनीच्या आगगाडीतून डब्यात बसून गोंदियाला गेलं. ज्याला ज्याला दिलं त्याला तू सारखं तेच सांगायचीस, पोटावर ठेवून पाज, म्हशीचं दूध देऊ नको, ऊब एका बाजूला ठेव. मी ऐकायची आणि मला अभिमान वाटायचा, जसं काही मीच शिकवलंय. या मोहल्ल्यात माझ्या दाराशी येऊन बसणारी, माझ्या पोरीच्या केसांतून फणी फिरवणारी, मराठीची शाळा हिंदी झाली त्या दिवशी काही न बोलता तासभर माझ्याजवळ बसून राहणारी दुसरी कोणी नव्हती. माझी बहीण असती तर याहून जास्त काय केलं असतं तिनं? फक्त पाणी प्यायली असती.

मागच्या महिन्यात तू खाट धरलीस. मी विचारपूस करायला येत नव्हते, रेखाला पाठवत होते. माझा तो जुना ताठा. मग त्या दुपारी तुझी सून सुमन आली. उंबऱ्याच्या आत येऊन म्हणाली, आई तुमालेच विचारून राह्यल्या, चला. मी तशीच निघाले.

ओसरीवर तुझ्या भावजया बसल्या होत्या. मी तिथेच थांबले तर सुमननं हाताला धरून आत नेलं. माजघरात तू खाटेवर, आणि तुमचे मालक भिंतीला टेकून. तुझं तोंड एवढंसं झालं होतं. तू डोळे उघडलेस, मला पाहिलंस, आणि म्हणालीस, पानी. सुमन उठली. तू हात हलवून तिला बसवलंस. आवाज नव्हता तुझ्यात, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू नाई. मास्तरीन आनंल. जा व, आतून आन, माठातलं. तुह्या हातानं."

 मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. आणि मी, देवका, मी एक क्षण हललेच नाही. मला राग आला. म्हटलं, आता? आता तुझं काय जाणार आहे? मग तुझा हात अजून वर धरलेला दिसला आणि मी गेले. तुझ्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा गेले. माठ कोपऱ्यात होता, त्यावर पितळी गडवा पालथा. मी गडवा माठात बुडवला. 

तुझी मान हातावर घेऊन चमच्यानं पाणी दिलं. तीन चमचे प्यायलीस. म्हणालीस, "थंड हाय." बस, इतकंच. डोळे मिटून घेतलेस. मी उठले तेव्हा सुमननं माझ्या हातातून गडवा घेतला, सगळ्यांदेखत आत जाऊन त्याच माठात बुडवला आणि उभ्यानं घटाघटा प्याली. तिला तहान लागली होती की तिला कोणाला काही दाखवायचं होतं, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

आमच्या मोहल्ल्यात या पाण्याची बरीच चर्चा झाली. बाया म्हणतात, मास्तरीणबाई, मोठी गोष्ट झाली. झाली. मी नाही म्हणत नाही. तुझ्या माणसांसमोर, तुझ्या घरात, तू ते मागून घेतलंस, आणि तुला ते किती जड गेलं असेल हे मला कळतं. त्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी राहीन. पण ते पाणी तुझ्या घरचं होतं, देवका. माझ्या घरचं तू एकदाही प्यायली नाहीस. मला ते हवं होतं, बारा वर्षं हवं होतं, आणि तू नाहीस तरी अजून हवं आहे.